वरच्या मजल्यावरचं धप्प

ट्रंकबाईंच्या डोक्यावर रोज सकाळी चहाच्या वेळी काहीतरी पडायचं. प्रत्यक्ष डोक्यावर नाही. डोक्याच्या वर छत होतं आणि छताच्या वर दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला ब्लॉक. पण आवाज असा, की कपातला चहासुद्धा दचकावा. आधी काहीतरी लांबवर घरंगळत जायचं, मग जरा शांतता, आणि मग धप्प.

हा आवाज दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला असता, तर तो माणूस चार शब्द पुटपुटून कामाला लागला असता. ट्रंकबाईंना ते शक्य नव्हतं. त्यांनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता, आणि तोही ट्रंककॉलच्या खोलीत. परगावी फोन लावायचा म्हणजे आधी नंबर नोंदवायचा, मग अंघोळ करायची, जेवायचं, एक डुलकी काढायची, आणि तिन्हीसांजेला "लाइन बिझी आहे" एवढं ऐकून गप्प बसायचं, असा तो काळ. त्या काळात "बिझी आहे" हे शब्द जितक्या रुबाबात बाई म्हणत, तितक्या रुबाबात पुढे कुणी म्हटले नाहीत. त्या खोलीत ओळीनं उंच खुर्च्या, समोर भोकाभोकांचा फळा, हातात त्या भोकांत खुपसायच्या दोऱ्या. डाव्या कानाला हेडफोन, डावा खांदा वर चढलेला आणि मान उजवीकडे वळलेली, कारण उजव्या हाताला सुपरवायझर बसायची आणि तिच्यावर लक्ष ठेवणं भाग होतं. पुढे बाई स्वतःच सुपरवायझर झाल्या. मान तशीच राहिली.

त्या मानेची एक गंमत होती. ती डावीकडे वळत नसे. डावीकडे बघायचं झालं की बाई खुर्चीसकट वळत, एखादं कपाट भिंतीपासून सरकवावं तशा. खुर्ची करकरायची, मग खांदे यायचे, आणि शेवटी चेहरा. आणि इतकी वर्षं हेडफोन लावून तो डावा कानही जरा थकला होता. हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, बाईंना सोडून. बाईंच्या मते त्यांचे दोन्ही कान सरकारी दर्जाचे होते.

त्यांचे यजमान नकाशांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. जन्मभर रेघा मारलेल्या, त्यामुळे बोलणं बेताचं. लग्न झाल्यापासून ते बाईंच्या डाव्या बाजूला बसत. जेवताना डावीकडे, टीव्हीपुढे डावीकडे, बसमध्येही बाईंना खिडकी मिळो न मिळो, हे आपले डावीकडे. हेडफोनचा कान तो, त्याचा मान राखायला आपण तिथे बसावं, असा काहीतरी भाव त्यामागे असणार, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. काही बोललं की डावीकडून बरोबर "हं" यायचं. इतका ऐकून घेणारा माणूस आजकाल मिळत नाही, असं त्या समोरच्या वहिनींना अभिमानानं सांगत.

तर धप्प. चार-पाच सकाळी आवाज नीट ऐकून घेतल्यावर बाईंनी निदान केलं.

"पुरुष आहे," त्या म्हणाल्या.

"हं," यजमान म्हणाले.

"वजनदार. डाव्या पायात काहीतरी दोष आहे. रोज काहीतरी ओढत नेतो आणि टाकतो."

"काय टाकतो?"

"ते अजून कळलं नाही. पण ओलं आहे."

यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला. खरं तर वर कोण आलंय हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. एका तरुण मुलीनं तो ब्लॉक भाड्यानं घेतला होता आणि दारावर व्यायामाची पाटी लावली होती, पिलाटीज स्टुडिओ. पाटी छोटी, स्टुडिओ त्याहून छोटा. बाईंनाही पाटी दिसली होती. पण पाटीवर काय लिहिलंय आणि आत काय चाललंय, यांचा संबंध असतोच असं नाही, हे एक्स्चेंजमधल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

समोरच्या वहिनी जिन्यात उभ्या राहून इमारतीच्या बातम्या देत. त्यांनी माहिती पुरवली. "बेड आहेत म्हणे, बाई. स्प्रिंगांचे. मी सामान चढताना बघितलं."

"बेड?"

"तीन. आणि पट्टे."

"कसले पट्टे?"

"पाय अडकवायचे."

दोघींनी जिन्यातून वर बघितलं. त्या दिवसापासून त्या मुलीचं नाव स्प्रिंगवाली पडलं, आणि तिचं खरं नाव काय हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

बाईंनी आघाडी उघडली. पहिली गोष्ट म्हणजे यजमानांना जळमटं काढायची लांब काठी दिली आणि शिकवलं, की वर धप्प झालं की खालून दोनदा ठकठक करायचं. मागेपुढे बघायचं नाही, भीड धरायची नाही. यजमानांचा हात ड्राफ्ट्समनचा. ते अगदी नेमक्या जागी ठोकत. दुसरी गोष्ट म्हणजे तक्रार. बाईंनी ती स्वतः लिहिली आणि घरोघर सह्यांना फिरल्या. समोरच्या वहिनींनी सही केली. वरच्या मजल्यांवरच्यांनी केली, त्यांच्या डोक्यावर काही पडत नसूनही केली, कारण उद्या त्यांच्या डोक्यावर काही पडलं तर बाई उपयोगी पडणार होत्या. तळमजल्यावरचे वकीलसाहेब इमारतीचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा पुसून सगळा मजकूर वाचला, 'त्रास' खोडून 'उपद्रव' केलं, आणि एक उसासा सोडून सही केली. उसासा कशाचा, हे बाईंच्या कानाला तेव्हा कळायला हवं होतं.

तक्रार घेऊन बाई नगरपालिकेत गेल्या. तिथे आवाजाला स्वतंत्र टेबल नव्हतं. धूर, डास आणि आवाज हे तिघे एकाच टेबलावर नांदत होते आणि त्या टेबलामागचा माणूस मुळातला डासांचा होता.

"आवाज कसला आहे?" त्यानं विचारलं. "भोंगा, यंत्र, प्राणी की बांधकाम?"

"धप्प," बाई म्हणाल्या.

"धप्प नाही चालत, बाई. चारांतलं एक सांगा."

"मला आवाजाचा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे."

"मग सांगा की. यंत्र असेल तर कुठलं यंत्र, ते लागेल. नाहीतर प्राणी लिहितो. प्राणी लवकर निघतं."

आपल्या तक्रारीत प्राणी घालू देणं बाईंच्या शिस्तीत बसत नव्हतं. शिवाय एकदा कागदावर प्राणी लिहिला की पुढे त्यातून कुठला प्राणी निघेल हे सांगता येत नाही. "यंत्र," त्या म्हणाल्या. "कुठलं ते मी बघून सांगते."

"सांगा. मग आम्ही मोजायला येऊ."

"कधी?"

त्यानं डासांच्या औषधाच्या बाटल्यांकडे बघितलं. "मोसम संपला की."

अशा रीतीनं ट्रंकबाई पिलाटीजला लागल्या. व्यायामासाठी नव्हे, चौकशीसाठी. हे त्यांनी यजमानांना बजावून सांगितलं, वहिनींना सांगितलं, आणि डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टरांकडे जावं लागलं, कारण स्प्रिंगवालीनं दारातच, अगदी गोड आवाजात, "काकू, या वयात आधी डॉक्टरांची चिठ्ठी लागेल हं," असं म्हटलं होतं. 'या वयात' हे दोन शब्द बाईंनी मनात वेगळे काढून ठेवले.

डॉक्टर म्हणाले, "डावीकडे बघा."

बाई उठल्या आणि डावीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"बसून. नुसती मान."

"ही मानच आहे."

डॉक्टरांनी थोडा वेळ त्या मानेकडे पाहिलं आणि लिहिलं, व्यायाम अत्यावश्यक. बाईंनी कागद परत केला. "अत्यावश्यक नको. हरकत नाही, एवढंच लिहा. मी काही शिकायला जात नाहीये."

डॉक्टरांनी हरकत नाही असं लिहिलं, पण त्याच्याखाली रेघ इतकी जोरात मारली की कागद फाटला.

कपड्यांचा प्रश्न आला. सैल आणि आटोपशीर, असं स्प्रिंगवालीनं सांगितलं होतं. घरात तसा एकच कपडा होता, यजमानांचा निळा पायजमा. बाईंनी तो घातला, नाडी दोनदा गुंडाळून घट्ट बांधली, त्यावर लांब स्वेटर चढवला आणि तळव्यांना रबरी ठिपके असलेले मोजे घालून त्या जिना चढू लागल्या. एक मजला चढायचा होता. नेमक्या वहिनी केर काढायला बाहेर आल्या.

"चौकशीला का?" वहिनींनी विचारलं.

"चौकशीला," बाई म्हणाल्या. मोजे पायरीला चिकटत होते, त्यामुळे प्रत्येक पावलाला चर्र असा आवाज येत होता. गुप्तपणे वर जाण्याच्या दृष्टीनं ते मोजे निकामी होते.

आत खोली स्वच्छ, भिंतभर आरसा, आणि तीन लांबट यंत्रं. खरंच बेडसारखी, पण बेडला रूळ लावावेत आणि रुळांवर गादी पुढेमागे धावावी, आणि तिला खालून स्प्रिंगांनी धरून ठेवावं, अशी. पैकी एका यंत्रावर कुणीतरी उताणं पडलेलं होतं. दोन्ही पाय पट्ट्यांत अडकवून छताकडे. पायांच्या पलीकडून घामेजलेलं टक्कल दिसत होतं. बाजूला ओला नॅपकिन.

टक्कल वर झालं. ते वकीलसाहेब होते.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोर्टात आणि एक्स्चेंजमध्ये मिळून जितकं आयुष्य गेलं होतं, त्यात अशी वेळ दोघांवरही आली नव्हती.

"मी चौकशीसाठी आलोय," वकीलसाहेब आडवे असतानाच म्हणाले.

"मीही."

"अध्यक्ष म्हणून पाहणी करणं माझं कर्तव्य आहे."

"कधीपासून करताय?"

वकीलसाहेबांनी पाय लांब केले. डाव्या गुडघ्यात जरा कचकच झाली, पाय घसरला, गादी रुळावरून घरंगळत आली आणि टोकाला आपटली. धप्प.

बाईंनी मनात एकेक खूण केली. पुरुष. वजनदार. डाव्या पायात दोष. आणि ओलं. एकही गोष्ट चुकली नव्हती. खालून लगेच ठक, ठक असा आवाज आला, अगदी नेमक्या जागी.

"खालून काठी येते," स्प्रिंगवाली समजावणीच्या सुरात म्हणाली. "मनावर घेऊ नका, काकू. मी सगळ्यांना सांगते, खाली कुणीतरी आजारी असेल."

बाईंचं बिंग फुटायचं तर वकीलसाहेबांचंही फुटत होतं, आणि वकीलसाहेबांच्या डोळ्यांत तेच लिहिलेलं होतं. त्या दिवशी दोघांत जो करार झाला, तो न बोलता झाला.

यंत्राचं नाव रिफॉर्मर, असं स्प्रिंगवालीनं सांगितलं. म्हणजे सुधारणा करणारं. बाईंना नाव पटलं नाही. सुधारणा हे आजवर त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत करायचं काम होतं. तरी त्या आडव्या झाल्या. स्प्रिंगवाली म्हणाली, श्वास घ्या, बाईंनी घेतला. ती म्हणाली, सोडा. आणि बाईंना कळलं की श्वास सोडायची आपल्याला सवयच नाही. एक्स्चेंजमध्ये श्वास सोडला की पलीकडच्याला ऐकू जायचा.

"काकू, हा डावा खांदा खाली येऊ द्या."

"तो तिथेच असतो."

"कुणी ठेवला तिथे?"

बाईंना एकदम ती खोली आठवली. लाकडी फळा, लुकलुकणारे दिवे, शेजारची बाई डब्यातलं काहीतरी चोरून खातेय, आणि कुठल्यातरी दूरच्या गावाहून कुणी ओरडून विचारतंय, की मुलगा झाला की मुलगी. किती जणांच्या बातम्या या खांद्यावरून गेल्या. त्यांनी खांदा खाली सोडला. सोडल्यावर तो इतका खाली गेला की त्यांनाच नवल वाटलं. त्या नादात पायावरचं लक्ष उडालं, गादी सुटली, पायजम्याची नाडी स्प्रिंगमध्ये अडकली, आणि बाई नाडीच्या ओढीनं यंत्राच्या टोकापर्यंत घरंगळत गेल्या. धप्प.

ठक, ठक.

आयुष्यात पहिल्यांदाच बाईंनी ती काठी वरच्या बाजूनं ऐकली. वरून ती फार उद्धट वाटत होती.

घरी आल्यावर त्या यजमानांना म्हणाल्या, "एवढं ठोकायची काय गरज होती?"

"तूच म्हणालीस, भीड धरायची नाही."

"पण ती मी होते."

"वरून कोण पडतंय ते मला कसं कळणार? कान तुझा." यजमानांनी काठी कोपऱ्यात उभी केली. "उद्या जायचंय का परत?"

त्यांच्या आवाजात जरा आशा होती. बाई वर असताना खालचं घर अगदी शांत झालं होतं, आणि त्या शांततेत ते रेडिओ मोठा लावून, पाय टेबलावर ठेवून बसले होते. बाईंना हे ठाऊक नव्हतं.

"जावंच लागेल," बाई म्हणाल्या. "चौकशी अपुरी आहे."

चौकशी अपुरीच राहत गेली. एक पायजमा शिवून घेतला, नाडीऐवजी इलॅस्टिकचा. वकीलसाहेबही आपली पाहणी नेटानं करत होते. एके दिवशी आरशात दार उघडलेलं दिसलं आणि आत समोरच्या वहिनी आल्या, नवे मोजे घालून.

"मी आपली बाईंना निरोप द्यायला आले होते," त्या म्हणाल्या.

"कसला निरोप?"

वहिनींनी तिसऱ्या यंत्राकडे बघितलं. "आठवला की सांगते," असं म्हणून त्या आडव्या झाल्या. पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यांवरचीही मंडळी काही ना काही कारण काढून येऊ लागली. सही केलेल्यांपैकी निम्मे लोक आळीपाळीनं स्प्रिंगांवर घरंगळत होते आणि प्रत्येक जण चौकशीला आलेला होता.

आणि मग ती सकाळ आली. चहा झाला होता. बाई वहिनींच्या गुडघ्याबद्दल काहीतरी सांगत होत्या, डावीकडून "हं" येत होतं. बोलता बोलता बाईंना खिडकीत कबूतर बसल्यासारखं वाटलं आणि त्यांनी डावीकडे पाहिलं. खुर्ची करकरली नाही. खांदे हलले नाहीत. नुसती मान वळली, तेल घातलेल्या बिजागरीसारखी.

कबूतर नव्हतं. यजमान होते. त्यांच्यापुढे क्रीमच्या बिस्किटांचा पुडा उघडा होता, डॉक्टरांनी साखर बंद केलेली असताना. मांडीवर शब्दकोडं होतं. एक बिस्किट दोन फाकांत उघडून ते जिभेनं क्रीम काढत होते आणि मध्येच, कोड्यातून मान वर न करता, "हं" म्हणत होते.

नवराबायकोंनी असं समोरासमोर एकमेकांकडे बघून बरीच वर्षं झाली होती.

"हे कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"हे."

यजमानांनी बिस्किटाच्या फाका परत जोडल्या. "नेहमीचंच," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष बाईंच्या मानेकडे गेलं, आणि चेहरा असा झाला, की जन्मभर काढलेल्या नकाशात नदी भलतीकडून वाहत असल्याचं त्यांना आत्ता दिसलं असावं. "तू खुर्ची नाही वाजवलीस," ते म्हणाले.

त्या दिवशी पुडा कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला. वर जाताना बाईंची पावलं हलकी पडत होती. रस्ता ओलांडताना आता त्या डावीकडून येणारी गाडी बघू शकत होत्या. आधी त्या हॉर्नच्या भरवशावर ओलांडत. खाली यजमान रेडिओ न लावता बसले. पायही टेबलावर नव्हते.

डासांचा मोसम संपला, ही बातमी बाईंना कुणी दिली नाही. त्या वर उताण्या पडल्या होत्या, दोन्ही पाय पट्ट्यांत, आणि स्प्रिंगवाली त्यांना एक नवीन प्रकार शिकवत होती, ज्यात गादीवरून पायांनी उडी मारल्यासारखं करायचं आणि हळूच उतरायचं असतं. हळूच, या शब्दावर तिचा भर होता. त्याच वेळी खाली नगरपालिकेचा माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन दारात उभा होता.

"तक्रारदार कुठे आहेत?" त्यानं विचारलं.

यजमानांनी बोट छताकडे केलं.

त्या माणसानं टोपी काढली. "फार उशीर झाला आम्हाला यायला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "वाईट वाटतं."

तेवढ्यात वर बाईंनी उडी मारली. धप्प. कपाटातली भांडी वाजली, यंत्रावरचा काटा टोकाला जाऊन परत आला.

"त्याच आहेत," यजमान म्हणाले. आणि सवयीनं काठी घेऊन ठक, ठक केलं.

माणसानं टोपी पुन्हा घातली, आकडा लिहून घेतला, आणि खाली शेरा मारला: यंत्राचा आवाज, मर्यादेबाहेर, तक्रार खरी. इमारतीनं बहुमतानं म्हटलं तर स्टुडिओ बंद. बाई वरून उतरल्या तेव्हा टेबलावर तो कागद होता आणि यजमान पहिल्यांदाच, कुणी न विचारता, बोलायला उत्सुक दिसत होते.

"तुझी तक्रार मान्य झाली," ते म्हणाले.

बाई खाली बसल्या. त्यांनी जिच्याविरुद्ध तक्रार केली तिच्याकडे शिकून, तिच्याच यंत्रावर, त्यांनी स्वतः तो पुरावा तयार केला होता. एक्स्चेंजमध्ये एखाद्या नव्या मुलीनं असा घोळ घातला असता, तर बाईंनी तिला दारापर्यंत पोचवून यायला कमी केलं नसतं.

सभा खाली गाड्यांच्या जागेत भरली. गाड्या काढून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. स्प्रिंगवाली कोपऱ्यात, हात मांडीवर, आणि हातात जाड रबराचा एक तुकडा. तिनं सगळ्यांना दाखवला. "हा यंत्राखाली टाकला की आवाज येणार नाही. आणि तरी आला, तर मी दुसरी जागा बघेन. पण आणखी एखादा महिना मिळाला असता तर…" एवढं बोलून ती थांबली. तीन यंत्रं घेऊन जायचं कुठे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वकीलसाहेबांनी अहवाल वाचला. वाचताना 'उपद्रव' या शब्दावर ते स्वतःच अडखळले. "कुणाला काही बोलायचंय?"

कुणालाच नव्हतं. सगळ्यांच्या सह्या तक्रारीवर होत्या आणि एव्हाना सगळ्यांचे मोजे वर स्टुडिओतल्या कपाटात होते. प्रत्येक जण दुसऱ्यानं तोंड उघडावं म्हणून वाट बघत होता. वहिनींनी बाईंकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी चष्मा पुसत बाईंकडे पाहिलं. बाईंना समजलं, की ही लाइन आपणच जोडली आणि आता आपल्यालाच तोडावी लागणार.

उभ्या नोकरीत बाईंनी कधी कबूल केलं नव्हतं, की आपल्या हातून नंबर चुकीचा लागला. पलीकडच्यानंच चुकीचा सांगितला असणार, असं त्या म्हणत, आणि पलीकडच्याला ते मानावं लागे. आज पलीकडे कुणीच नव्हतं. बाई उभ्या राहिल्या. त्यांचे दोन्ही खांदे एका रेषेत होते, हे फक्त स्प्रिंगवालीच्या लक्षात आलं.

"अहवालातला आवाज माझा आहे," बाई म्हणाल्या. "मी पडले. म्हणजे उतरले, पण जरा जोरात. त्याआधीचे आवाज कुणाचे, ते मी सांगणार नाही." वकीलसाहेबांनी चष्मा आणखी जोरात पुसला. "माझा कान चुकला नव्हता. आवाज पुरुषाचा होता, हे मी आजही म्हणते. पण तक्रार राँग नंबर होती. मी ती मागे घेते."

कुणीतरी सुस्कारा सोडला. मग सगळ्यांनीच सोडला. श्वास सोडायला एव्हाना इमारत चांगली शिकली होती.

"तरी मत घ्यावं लागेल," वकीलसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अध्यक्षपणा परत आला. "स्टुडिओ बंद व्हावा असं कुणाला वाटतं?"

बाईंनी समोर पाहिलं. एकही हात नाही. उजवीकडे पाहिलं, वहिनी हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. मग बाईंनी मान डावीकडे वळवली. प्लॅस्टिकची खुर्ची करकरली नाही, खांदे जागचे हलले नाहीत, नुसती मान सरळ, शांतपणे वळत गेली. सगळी इमारत त्या मानेकडे बघत राहिली. स्प्रिंगवालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

डावीकडे यजमान बसले होते. त्यांचा हात वर होता.

"अहो," बाई म्हणाल्या.

"हं."

"हात."

यजमानांनी आपल्या हाताकडे पाहिलं, जणू कुणीतरी तो तिथे विसरून गेलं होतं. "आवाज होतो गं," ते म्हणाले.

"एक मत विरुद्ध," वकीलसाहेब म्हणाले. "नोंद करायची का, बाई?"

"नको. ती लाइन मी बघते."

हात हळूहळू खाली आला. स्टुडिओ राहिला. स्प्रिंगवालीनं रबराचा तुकडा पिशवीत ठेवला आणि उद्यापासूनच टाकते म्हणाली, मग सभा पाण्याच्या टाकीवर गेली आणि टाकीवरून, नेहमीप्रमाणे, कुठेच गेली नाही. त्या गडबडीत यजमान उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि आवाज न करता बाईंच्या बरोबर मागे नेऊन ठेवली. मान मागपर्यंत वळायला अजून पुष्कळ दिवस लागतील, हे त्यांनी जिन्यात स्प्रिंगवालीला गाठून आधीच विचारून घेतलं होतं.

थोडा वेळ गेला. वहिनी टाकीच्या झाकणाबद्दल बोलत होत्या. बाईंच्या मागे, अगदी हलक्या हातानं, कागद सरकल्याचा आवाज झाला.

बाई वळल्या नाहीत. मान समोरच होती, दोन्ही खांदे एका रेषेत, आणि उजवा कान जागेवर.

"अहो," त्या टाकीकडे बघतच म्हणाल्या, "तो नवा पुडाही क्रीमचाच आहे."

मागची सरसर थांबली.

"हं," यजमान म्हणाले.